वंगण आधी, रंग नंतर

आमच्या सोनारीत वंगणाची विद्या मोटारीबरोबर आली नाही. ती बैलगाडीच्या आखावरून आली. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि बार्शीच्या पेठेला आणखी जोर चढला. सोनारी तेव्हा निजामाच्या राज्यात, परंडा तालुक्यात. बार्शी इंग्रजी मुलखात. करोडगिरीचा नाका ओलांडून माझे आजोबा त्या पेठेला गाडी न्यायचे. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असे, एरंडेलात जळक्या चिंध्यांची काजळी कालवून भरलेला. मुक्कामाला बैल सोडले की खीळ काढून चाक बाहेर सरकवायचं, जुनं वंगण पुसायचं, आखावर बोट फिरवून चर पडलीय का ते बघायचं आणि मगच नवं भरायचं. आख करकरायची वाट बघणारा गाडीवान त्यांच्या लेखी गाडीवानच नव्हे.

तीच शिस्त मी पद्मिनी मोटारीला लावतो. ही गाडीही तशी आपल्याच भागाशी नातं सांगते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली आणि 1970च्या दशकात तिलाच प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. आजच्या बहुतेक गाड्यांचे पुढचे सांधे सीलबंद असतात. पद्मिनीच्या किंगपिनला ग्रीसचे निपल आहेत. तिथे वेळच्या वेळी ग्रीस गन लागलीच पाहिजे.

जुनी पद्मिनी आली की मी आधी पुढचं चाक जॅकवर उचलतो. एक हात वर, एक खाली, आणि चाक आत-बाहेर हलवतो. खडखड लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगतो. खेळ गेला, तर बेअरिंग ढिलं. तसाच राहिला, तर किंगपिन किंवा त्याचे बुश झिजलेत. मग निपल पुसून ग्रीस मारतो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत थांबत नाही. काही आलंच नाही, तर वाट तुंबलेली. तो सांधा कोरडाच फिरत होता.

इंजिनचं ऑइल मी उन्हात पांढऱ्या कापडावर ओततो. चमकणाऱ्या कणांवरून चुंबक फिरवतो. चिकटले ते लोखंडाचे. न चिकटता पिवळे चमकले तर बुश किंवा बेअरिंगचा धातू सुटतोय.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली. तिच्याबरोबर हे हातही कमी होत चाललेत. परंडा, भूम, बार्शीकडे कुणाच्या वाड्यात, शेडमध्ये अशी गाडी उभी असेल, तर पेंटरकडे नंतर जा. आधी चाकं उचला, ऑइल काढून बघा, आणि ते बघताना घरातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा.