सॅन थोम : दोन मनोरे, एक समाधी

चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या सॅन थोम बॅसिलिकेला दोन मनोरे आहेत. रस्त्याने येणाऱ्याची दृष्टी सुमारे १५५ फूट उंचीच्या दर्शनी मनोऱ्यावर खिळते; छपराच्या मध्यावर उभ्या असलेल्या लहान शिखराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या वास्तूचे मर्म त्या लहान शिखरातच आहे. त्याच्या खाली संत थॉमस यांची समाधी आहे.

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक असलेले थॉमस इ. स. ५२ मध्ये केरळात आले आणि ७२ मध्ये मैलापूरजवळच्या टेकडीवर भाल्याच्या घावाने मारले गेले, अशी परंपरा आहे. त्यांच्या अस्थी मात्र येथे फारशा राहिल्या नाहीत. कोणा व्यापाऱ्याने त्या भारतातून एडेसा नगरीत नेल्याचा उल्लेख चौथ्या शतकातील सीरियाई कवी संत एफ्रेम यांच्या स्तोत्रांत येतो. पुढे खिऑस बेटावरून १२५८ मध्ये त्या इटलीतील ओर्तोना येथे नेण्यात आल्या, असे मानले जाते. तरीही तीर्थ ओस पडले नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने लिहून ठेवले, की ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही या स्थळी यात्रेला येतात आणि संताच्या मृत्युस्थानाची माती तापावर औषध म्हणून नेतात.

१५२३ मध्ये पोर्तुगीजांनी समाधी उकरली. काही अस्थी, भाल्याचे पाते आणि मातीचे भांडे सापडल्याची नोंद त्यांनी केली व तेथे चर्च उभारले. ज्यांचा देह आज गोव्याच्या बॉम जेझसमध्ये आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर मलाक्केला जाण्यापूर्वी, १५४५ मध्ये, काही महिने येथेच राहून प्रार्थना करीत होते.

जुने चर्च पाडून १८९३ ते १८९६ या काळात सध्याची शुभ्र वास्तू नवगॉथिक शैलीत बांधली गेली. टोकदार कमानी आणि लांबट सभागृह यांमुळे दृष्टी आपोआप वेदीकडे व उंचावर जाते. १९५६ मध्ये चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. समाधीच्या भूमिगत प्रार्थनागृहात मात्र वाट खाली उतरते. तेथे अस्थीचा एक लहान अंश आहे.

वरच्या रंगीत काचचित्रात पुनरुत्थित येशूसमोर थॉमस दाखवले आहेत. जखमेला स्पर्श केल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणारा हा शिष्य. आणि त्याच्या समाधीशी येणारे लोक मात्र, स्पर्श करण्याजोगे फारसे काही उरलेले नसतानाही, शतकानुशतके येतच राहिले.