हीट पाईपचा शोध नेमका कुणी लावला?

माझ्या सिनॉप्सिसच्या दुसऱ्याच स्लाईडवर एक वाक्य होतं: ‘१९६३ मध्ये जॉर्ज ग्रोव्हर यांनी हीट पाईपचा शोध लावला.’ दोन रिव्ह्यू पेपरमध्ये तसंच लिहिलेलं होतं, म्हणून मीही लिहिलं. समितीत बाहेरून आलेले एक सर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग १९४४ चं पेटंट कुणाचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा बराच वेळ त्या एका ओळीवरच गेला आणि माझे प्रयोग राहिले बाजूला. तुमच्यापैकी जे आता लिटरेचर रिव्ह्यूला बसणार आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट लिहून ठेवतो आहे.

आधी हीट पाईप म्हणजे काय ते थोडक्यात. लॅपटॉप उघडला की प्रोसेसरपासून पंख्यापर्यंत गेलेली तांब्याची चपटी नळी दिसते, तीच ही. ती भरीव तांब्याची असेल असं वाटतं, पण आतून पोकळ असते. तिच्यातली हवा काढून अगदी थोडं पाणी घातलेलं असतं आणि आतल्या भिंतीला सच्छिद्र थर, म्हणजे वात, बसवलेली असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं. हे पाणी वातीतून परत गरम टोकाला येतं. समईची वात तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाने. ना पंप, ना मोटर, ना हलणारा एकही भाग.

याची गरज का पडते, ते कागदावर काढून बघा. ६ मिलिमीटर व्यासाची, २० सेंटिमीटर लांबीची भरीव तांब्याची कांडी घ्या. तिच्यातून ३० वॅट उष्णता न्यायची असेल तर दोन टोकांच्या तापमानात सुमारे ५३० अंशांचा फरक लागतो. (तांब्याची उष्णता वाहकता ४०० धरून. खोटं वाटत असेल तर आकडेमोड करून पाहा, मीही दोनदा केली.) म्हणजे प्रोसेसर कधीच जळून गेलेला असेल. त्याच मापाच्या हीट पाईपला काही अंशांचा फरक पुरतो, कारण उष्णता तांब्यातून जात नाही, वाफेबरोबर जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात. त्यामुळे ३० वॅटसाठी सेकंदाला १३ मिलिग्रॅम पाणी फिरलं तरी भागतं. शाळेत पाठ केलेला ‘अप्रकट उष्मा’ असा कामाला येतो.

आता ग्रोव्हर. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत ते काम करत होते. प्रश्न होता अवकाशात वीज तयार करण्याचा. अणुभट्टीच्या उष्णतेपासून थेट वीज काढायची, पण ती उष्णता भट्टीतून बाहेर कशी आणायची? पंप लावला तर तो बिघडू शकतो, आणि तिथे दुरुस्तीला कोण जाणार? त्यात गुरुत्वाकर्षणाचाही भरवसा नाही. ग्रोव्हर यांनी आधी पाणी घालून नळी चालवून पाहिली. मग स्टेनलेस स्टीलच्या नळीत तारेच्या जाळीची वात बसवून सोडियम भरलं. ती ११०० केल्विनच्या आसपास चालली. डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या वतीने पेटंटचा अर्ज गेला. १९६४ मध्ये ग्रोव्हर, कॉटर आणि एरिक्सन यांचा ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये छोटासा पेपर आला. ‘हीट पाईप’ हे नाव रूढ झालं ते तिथून. पुढच्याच वर्षी कॉटर यांनी त्याचं गणित लिहिलं: वात किती पाणी ओढू शकते, वाफ किती वेगाने जाऊ शकते, नळी कधी कोरडी पडते. १९६७ मध्ये पाण्याची हीट पाईप अवकाशात नेऊन तपासली गेली.

मग १९४४ चं पेटंट? ते रिचर्ड गॉगलर यांचं. ते जनरल मोटर्समध्ये होते. गाड्यांच्या कंपनीचा इथे काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. तेव्हा फ्रिजिडेअर ही फ्रिज बनवणारी कंपनी जनरल मोटर्सच्याच मालकीची होती. गॉगलर यांचा प्रश्न फ्रिजचा होता. कप्प्यातली उष्णता खाली ठेवलेल्या बर्फाकडे न्यायची, म्हणजे बर्फाजवळ थंड होऊन द्रव झालेला पदार्थ पुन्हा वर चढवायचा, आणि तोही वेगळी शक्ती खर्च न करता. उत्तर तेच: बंद नळी, थोडा द्रव आणि केशाकर्षणाची वात. सिंटर केलेल्या लोखंडाची वातही त्यांनी सुचवली होती. अर्ज डिसेंबर १९४२ चा, पेटंट मिळालं ६ जून १९४४ ला. त्याच दिवशी दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होत्या. त्या दिवसाच्या बातम्यांत एका फ्रिजच्या नळीकडे कोण बघणार! पण ते पेटंट मागे पडलं ते युद्धामुळे नव्हे. फ्रिजसाठी दुसऱ्या सोप्या पद्धती हाताशी होत्या, त्यामुळे कंपनीने ते पुढे नेलंच नाही. तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची असे. म्हणजे ग्रोव्हर यांच्या अर्जाआधी दोन वर्षं ती संपलेलीही होती. मध्ये १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ट्रेफेथन यांनी अवकाशयानांसाठी अशीच कल्पना मांडली, तिचाही फारसा गाजावाजा झाला नाही.

मी पेटंटची चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. खरं सांगायचं तर दोन्हींतली मूळ युक्ती एकच आहे. यंत्रापुरतं बोलायचं तर मान गॉगलर यांचाच, यात मला शंका नाही. पण १९४४ च्या कागदावरून माझ्या टेबलावरची नळी मला बनवता आली नसती. किती वॅट, किती लांबी, कुठवर चालेल, यातलं काहीही त्यातून हाती लागत नाही. लॉस अलामॉसच्या गटाने नळी मोजली, तिच्या मर्यादा लिहिल्या आणि इतरांना वाचायला मिळेल अशा ठिकाणी छापल्या. काही वर्षांतच कितीतरी प्रयोगशाळा या कामाला लागल्या. १९९० च्या दशकात लॅपटॉपचे प्रोसेसर तापू लागले, तेव्हा तयार गणित आणि तयार नळी दोन्ही हजर होतं. आमच्या विभागात एका मित्राशी यावर माझा अजूनही वाद चालतो. त्याच्या मते पेटंट हेसुद्धा प्रकाशनच. बरोबर आहे, पण ते कुणी वाचलं होतं?

हीच नळी आता एवढी पातळ झाली आहे की फोनमध्ये बसते. तिथे तिला व्हेपर चेंबर म्हणतात: नळीऐवजी चपटी डबी, तत्त्व तेच. फोनच्या काचेखाली काही मिलिमीटरवर ती असते, आणि वरच्या काचेवर आपलं बोट. गंमत म्हणजे त्या काचेच्या इतिहासातही ‘पहिला कोण’ या प्रश्नाची अशीच फजिती होते.

१९६५ मध्ये इंग्लंडमधल्या मॅल्वर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’मध्ये स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा पेपर छापला. पिक्चर ट्यूबच्या तोंडावर बारीक तारा. बोट लागलं की कपॅसिटन्स बदलतो आणि यंत्राला कळतं कुठली तार ते. गरज होती विमान वाहतूक नियंत्रकांची: समोर इतकी विमानं असताना प्रत्येकाची माहिती कीबोर्डवर टाईप करत बसायची कशी?

दुसरीकडे जिनिव्हाजवळ सर्न संस्थेत सात किलोमीटर घेराचा एसपीएस हा नवा त्वरक उभा राहत होता. जुन्या पद्धतीने त्याची कंट्रोल रूम बांधली असती तर भिंतीभर बटणं आणि काटे लागले असते. फ्रँक बेक यांनी हा प्रश्न बेंट स्टुम्पे या डॅनिश अभियंत्यापुढे ठेवला. स्टुम्पे यांनी मार्च १९७२ मध्ये हाताने लिहिलेल्या टिपणात उत्तर दिलं: काचेवर डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक तांब्याच्या रेषांचे कपॅसिटर. त्यांतून १६ बटणं होतात, आणि त्यांवरची नावं संगणक हवी तेव्हा बदलतो. एका पडद्याने भिंतभर बटणांचं काम केलं. १९७३ मध्ये दोघांनी त्याचा अहवाल लिहिला, १९७६ मध्ये एसपीएस सुरू झाला.

तिसरी गोष्ट पीएचडीवाल्यांना जवळची वाटेल. ओक रिज प्रयोगशाळेचे सॅम हर्स्ट १९७० च्या सुमारास केंटकी विद्यापीठात शिकवायला गेले होते. प्रयोगाच्या आलेखांच्या कागदी पट्ट्यांचा ढीग साचला होता. एकेक बिंदू वाचून आकडे उतरवायला विद्यार्थ्यांचे महिने गेले असते. हर्स्ट यांनी विद्युतवाहक कागद वापरला: कडेला व्होल्टेज द्यायचं, स्पर्शाच्या जागी ते मोजायचं, आणि मोजमापावरून जागा काढायची. हा रोधावर चालणारा स्पर्श, कपॅसिटन्सशी त्याचा संबंध नाही, आणि सुरुवातीला तो पारदर्शकही नव्हता. १९७१ मध्ये त्यांनी इलोग्राफिक्स कंपनी काढली. पारदर्शक पडदा नंतर आला. विमानतळ, त्वरक आणि कंटाळवाणी डेटा एन्ट्री, अशा तीन ठिकाणांहून तीन उत्तरं आली. यातला एक निवडून ‘टचस्क्रीनचा जनक’ म्हणणारे लेख ढीगभर आहेत. ते वाचताना एवढंच बघा की लेखक कपॅसिटिव्ह म्हणतोय की रेझिस्टिव्ह, आणि पारदर्शक की अपारदर्शक. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

सिनॉप्सिसनंतर मी ते वाक्य बदललं. गॉगलर आले, ट्रेफेथन आले, ग्रोव्हर तिसऱ्या ओळीत गेले. मोठ्या समाधानाने प्रकरण गाईडना दिलं. आठवड्याने परत आलं तेव्हा समासात पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘पर्किन्स?’

पुन्हा शोधाशोध. जेकब पर्किन्स हे लंडनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन संशोधक. बंद नळीत थोडं पाणी घालून वाफेने उष्णता नेण्याचं त्यांचं पेटंट १८३६ चं आहे. पुढे याच ‘पर्किन्स ट्यूब’ पावाच्या भट्ट्यांत बसल्या. तिच्यात वात नाही, पाणी वजनाने खाली येतं, म्हणून गरम टोक खालीच हवं. लॅपटॉपला हे चालणार नाही, पण अलास्काच्या तेलवाहिनीला चालतं. १९७७ मध्ये सुरू झालेल्या त्या वाहिनीच्या खांबांत अमोनिया भरलेल्या सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत, खालची गोठलेली जमीन वितळू नये म्हणून. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे गरम टोक आपोआप खालीच येतं आणि वातीची गरज उरत नाही.

त्या एका वाक्याच्या जागी आता प्रबंधात दीड पान आहे. ‘शोध लावला’ हे शब्द त्यात कुठेच नाहीत. ‘अर्ज केला’, ‘मोजलं’, ‘छापलं’, ‘बसवलं’ एवढीच क्रियापदं आहेत, आणि प्रत्येकापुढे साल.