पदवीआधीची पाठशाळा : जामखेडमधील आरोग्यशिक्षण

डॉक्टर नसूनही रोगाचे निदान, उपचार, पुनर्वसन व प्रतिबंध यांत ज्यांचा प्रत्यक्ष वाटा असतो, अशा प्रशिक्षित माणसांच्या कामाला आज सहयोगी आरोग्य व्यवसाय म्हटले जाते आणि क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ ही त्याची परिचित रूपे होत. बारावीला विज्ञान, मग पदविका किंवा पदवी हा त्या व्यवसायाचा आजचा राजमार्ग आहे; परंतु अहिल्यानगर जिल्ह्यात हा मार्ग रुळण्यापूर्वी, ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा स्त्रियांना आरोग्यशास्त्र शिकवण्याचा एक प्रयोग झाला आणि त्याची दखल न घेता या विषयाचा जिल्ह्यातील इतिहास सांगता येत नाही.

याच जिल्ह्यातील सुपे येथे जन्मलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे या दोघांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले व पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तेथून परतल्यावर 1970 मध्ये त्यांनी जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. बीड, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा तालुका अवर्षणाने गांजलेला होता, आणि तेथील अर्भकमृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या मुलांची संख्या, प्रकल्पाच्या 1971 मधील नोंदीनुसार 176 इतकी होती. गावात सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे बाळंतपण व प्राथमिक शुश्रूषा यांचे शासनमान्य प्रशिक्षण घेतलेली तरुणी, नेमावी असा आरोळे दांपत्याचा मूळ विचार होता. तो फसला, कारण परगावच्या एकट्या, अविवाहित मुलीला गावात राहणे अवघड जाई आणि तिचा सल्ला अनुभवी बायाबापड्यांना पटत नसे. तेव्हा गावानेच आपल्यातील एक प्रौढ स्त्री निवडावी व तिला शिकवावे, असे ठरले. निवडलेल्यांत दलित व भूमिहीन घरांतील, परित्यक्ता वा विधवा स्त्रियाही होत्या.

या स्त्रियांचे शिक्षण कसे चाले, हा या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्या आठवड्यातून काही वेळ जामखेडला येत, जातिभेद बाजूला सारून एकत्र जेवत, एकत्र निजत, आणि गेल्या आठवड्यात आपापल्या गावात काय घडले ते एकमेकींना सांगत. या चर्चेतूनच पुढचा धडा निघत असे. जुलाबात मूल पाण्यावाचून दगावते हे कळल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याची जलसंजीवनी घरच्या घरी बनवणे, नवजात बाळाला चिकाचे दूध पाजणे, मुलांची वजने घेणे, गरोदर स्त्रीतील धोक्याची लक्षणे ओळखणे, त्वचेवरील बधिर चट्ट्यावरून कुष्ठरोगाचा संशय घेणे, अशा गोष्टी पुनरावृत्तीने व प्रत्यक्ष हाताळणीतून अंगवळणी पडत. लेखनाची जागा स्मरणाने घेतली असली, तरी निरीक्षण, तर्क आणि पडताळा ही शास्त्राची शिस्त येथे पूर्णपणे पाळली जात होती. म्हणूनच या शिक्षणाला कनिष्ठ प्रतीचे समजणे हा अन्याय ठरेल. गावातली सेविका, गावोगाव फिरणारे परिचारिका व समाजसेवकांचे पथक आणि जामखेडचे रुग्णालय अशी तिपदरी रचना असल्यामुळे, आपल्या आवाक्यापलीकडचा रुग्ण कोणाकडे पाठवायचा हेही सेविकेला ठाऊक असे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 मधील एका ग्रंथात या प्रकल्पावर आरोळे दांपत्याचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले, 1978 मध्ये आल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची जी संकल्पना जगापुढे मांडली तिच्या वैचारिक पार्श्वभूमीत जामखेडचा अनुभव होता, आणि 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2005 मध्ये देशभर आलेल्या ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्यसेविकांच्या योजनेत गावातलीच स्त्री निवडण्याचे तत्त्व टिकले. मात्र तिच्यासाठी आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवली गेली, जी जामखेडच्या पहिल्या पिढीतील अनेक सेविका पूर्ण करू शकल्या नसत्या.

जामखेडला कृत्रिम अवयवांची कार्यशाळाही उभी राहिली, जेथे गावचीच माणसे जयपूर फूट हा कृत्रिम पाय व कॅलिपर, म्हणजे दुबळ्या पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, बनवायला शिकली. हेच काम आज पुनर्वसनशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवले जाते.

जिल्ह्याच्या उत्तर भागात, सहकारी साखर कारखानदारीतून सधन झालेल्या प्रवरा परिसरात, संस्थात्मक शिक्षणाची दुसरी धारा वाढली. लोणी येथे 1972 मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट, 1984 मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि 2003 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा असा तिचा क्रम असून भौतिकोपचार व परिचर्येचे शिक्षणही तेथे मिळते. अशा संस्थात्मक शिक्षणाला पुढे कायद्याची चौकट मिळाली आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांचे शिक्षण आवश्यक मानले. किरणोत्सर्गाची मात्रा चुकली तर रुग्णाची कायमची हानी होते, तेव्हा ही अट रास्तच आहे. तथापि त्याच कायद्याच्या अनुसूचीत समाज-आरोग्यसेवेचाही स्वतंत्र गट आहे, आणि त्या गटाचे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना वर्षानुवर्षे आठवड्यागणिक चाललेल्या जामखेडच्या त्या अध्ययनाचे तास मोजता येतील असे कोष्टक अद्याप तयार करायचे आहे.