विदर्भातील अबोल कांस्यपात्रे

नागपूरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या माहुरझरीच्या माळावर मोठ्या धोंड्यांची अनेक वर्तुळे आहेत. ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील महापाषाणयुगीन दफनस्थाने होत. डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली १९७० ते १९७२ या काळात येथे उत्खनन झाले. मृतांसोबत लोखंडी हत्यारे, तांबड्या अकीकाचे मणी, घोड्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार आणि तांब्या-कांस्याची भांडी मिळाली. भांड्यांची झाकणे विशेष लक्षणीय आहेत. त्यांतील काहींच्या शेंड्यावर पक्षी बसविलेला आहे. इतक्या निगुतीने घडविलेली वस्तू नित्याच्या स्वयंपाकाची नसावी. ती दफनविधीसाठीच असावी, असे मानण्यास जागा आहे.

येथील कारागिरांची धातुविद्याही सामान्य नव्हती. अलीकडील धातुपरीक्षणानुसार काही भांड्यांच्या मिश्रधातूत सुमारे २० टक्के कथिल आहे. एवढे कथिल असलेले कांसे सावकाश निवाले तर ठिसूळ होते. म्हणून ते तापवून ठोकावयाचे आणि तप्त असतानाच पाण्यात बुडवावयाचे, ही युक्ती त्यांना अवगत होती.

याच्याही काही शतके आधीपासून चीनमध्ये शांग आणि झोउ राजवटींच्या काळात पूर्वजांना अन्न व मद्य अर्पण करण्यासाठी कांस्यपात्रे बनत. परंतु तेथील पद्धत ओतकामाची होती. मातीच्या साच्याचे तुकडे जुळवून त्यात रस ओतीत. साच्यातच अक्षरे करून ठेवली की लेख पात्राबरोबरच ओतला जाई. प्रारंभी केवळ कुळाचे वा पूर्वजाचे नाव असे. पुढे राजाज्ञा, दाने, विजय यांचे सविस्तर वृत्तान्त आले. तैपेई येथील ‘माओगोंग डिंग’ या पात्रावर सुमारे पाचशे अक्षरे आहेत.

‘हे झुन’ या मद्यपात्राची कथा तर उद्बोधक आहे. १९६३ मध्ये बाओजी येथे सापडलेले हे पात्र पुढे चक्क भंगारात विकले गेले. संग्रहालयाने ते वाचविले आणि १९७५ मध्ये साफसफाई करताना त्याच्या तळाशी १२२ अक्षरांचा लेख दिसला. राजा चेंगने नवी राजधानी उभारल्याची, तसेच ‘हे’ नामक सरदारास कवड्यांच्या ३० माळा दिल्याची नोंद त्यात आहे. मूळ जागा सुटली, तरी पात्राने स्वतःची ओळख गमावली नाही.

माहुरझरीच्या पात्रांना ती सोय नाही. त्यांच्या निर्मात्यांची लिपी उपलब्ध नाही. भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या दक्षिणेस वैनगंगेकाठी वसलेल्या पवनी येथील स्तूपाच्या दगडांवर दात्यांची ब्राह्मी लिपीतील नावे वाचता येतात. पण ती नंतरच्या काळातील. तेव्हा माहुरझरीचे भांडे वाचावयाचे ते त्याच्या शेजाराने: कोणत्या वर्तुळात, किती खोलीवर, कोणत्या सांगाड्याजवळ, कशासोबत ठेवले होते, यावरून.

हा शेजारच आज धोक्यात आहे. शेती, दगड-मुरमाचे उत्खनन आणि वाढत्या नागपूरच्या वसाहती यांमुळे विदर्भातील कित्येक शिळावर्तुळे विस्कटली. नांगराच्या फाळाने किंवा यंत्राच्या दात्याने उकरून काढलेले असे एखादे झाकण बाजारात तांब्याच्या भावाने विकले जाईल; त्यावरचा पक्षी कोणाच्या उशाशी ठेवला होता, हे मग कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता येणार नाही.