इस्पितळाचा उंबरठा आणि कायदा

अस्पृश्यतेचा इतिहास सांगताना आपण पाणवठा, मंदिर आणि शाळा यांचा उल्लेख आवर्जून करतो. महाडचे चवदार तळे आणि नाशिकचे काळाराम मंदिर ही नावे आपल्या ओठांवर असतात. दवाखान्याचा उंबरठा मात्र ह्या इतिहासात क्वचितच येतो. ह्याचे एक कारण उघड आहे. तळ्यासाठी हजारोंचा सत्याग्रह होऊ शकतो. तापाने फणफणलेल्या बाळंतिणीला सत्याग्रहाइतका अवधी नसतो. ती एकटी येते, एकटी परत पाठविली जाते आणि तिच्या मरणाची नोंद 'आजाराने वारली' अशी होते. तिला कोणी परत पाठविले, हे त्या नोंदीत कोठेच येत नाही. म्हणून ह्या उंबरठ्यावरची लढाई मोर्च्यापेक्षा कायद्याच्या वाटेने अधिक झाली, आणि म्हणूनच ती आपल्या स्मरणात कमी राहिली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आपल्या आठवणींत स्वतःच्या अनुभवांबरोबर दुसऱ्यांचे काही अनुभवही नोंदविले आहेत. त्यांपैकी एक काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचा आहे. त्याचे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'मध्ये १२ डिसेंबर १९२९ रोजी छापले गेले होते. ह्या शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा डॉक्टर एका अटीवर आला: रोगी वस्तीबाहेर आणला पाहिजे. बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणण्यात आले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच क्रमाने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनिया सांगितला आणि औषध पाठविले. पुन्हा तपासायला मात्र तो आला नाही. ती बाई मेली.

ह्या घटनेत डॉक्टरला दोन रुपये चालले, बाईची नाडी चालली नाही. अशा डॉक्टरला जाब विचारील असा कायदा त्या काळी नव्हता. वैद्यकाचा धर्म आणि वर्णाचा धर्म समोरासमोर आले तेव्हा शिकलेला माणूसही वर्णाच्या बाजूने उभा राहिला. बाबासाहेबांनी ह्या प्रसंगातून हाच निष्कर्ष काढला. केवळ शिक्षणाने आणि दयेने हा उंबरठा ओलांडता येणार नाही, हे त्यातून सिद्ध झाले.

मग कशाने ओलांडता येईल? बाबासाहेबांचे उत्तर कायदा हे होते; पण कायदा म्हणजे केवळ शिक्षेचे कलम नव्हे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले असता त्यांनी त्याचा पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. परंतु स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. आजारपण आणि बाळंतपण हे ज्याचे त्याचे नशीब नसून त्याचा खर्च कोणी सोसावा हा न्यायाचा प्रश्न आहे, हा विचार येथे कायद्याच्या भाषेत प्रकट झाला.

संविधानात मात्र ह्या विचाराचे दोन तुकडे झाले. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरविले. हे कलम न्यायालयात बजावता येते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे ४७ वे कलम म्हणते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ३७ व्या कलमाप्रमाणे ती तत्त्वे न्यायालयातून बजावता येत नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात बाबासाहेबांनी ह्या तत्त्वांचे समर्थन केले. ती मोडणाऱ्या सरकारला न्यायालयापुढे नसले तरी मतदारांपुढे उत्तर द्यावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती. दवाखान्यात पाय ठेवण्याचा हक्क अशा रीतीने न्यायालयाच्या कक्षेत आला, आणि दवाखान्यात उपचार असण्याचा हक्क निवडणुकीवर सोपविला गेला.

१९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम पहिल्या हक्कापुरता होता. त्याच्या ५ व्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून इस्पितळात किंवा दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरले. १९७६ साली कायदा कडक झाला आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने इस्पितळ, दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांत जाण्यास प्रतिबंध करणे हाही अत्याचार मानला. ही कलमे मोलाची आहेत. परंतु १९५५ च्या कलमाची सारी मदार एका शब्दसमूहावर आहे: 'अस्पृश्यतेच्या कारणावरून'. पीडित अनुसूचित जातीचा असल्यास न्यायालयाने तेच कारण गृहीत धरावे, अशी सोय १२ व्या कलमात आहे. पण आरोपीने उलट सिद्ध केले की ते गृहीत गळून पडते. आणि इस्पितळाच्या खिडकीवर जात कोण विचारतो? तेथे 'खाट रिकामी नाही' असे म्हणतात. 'अनामत भरा' असे म्हणतात. 'मोठ्या इस्पितळात न्या' असे म्हणतात. काठेवाडच्या डॉक्टरने आपले कारण लपविले नव्हते, कारण त्याला कसलीच भीती नव्हती. कायदा झाल्यावर कारणाने वेश बदलला. भूमिहीन आणि हातावर पोट असलेल्या माणसाला अनामत मागणे हा त्याला त्याच्या पायरीवर उभे करण्याचाच एक मार्ग आहे. पण तो अस्पृश्यतेच्या व्याख्येत बसत नाही.

ह्या कोंडीतून पुढची वाट २१ व्या कलमाने, म्हणजे जीविताच्या हक्काने, मिळाली. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात प्रश्न होता अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराचा. पोलीस प्रकरण म्हणून जवळच्या इस्पितळाने त्याला घेतले नाही. दूरच्या इस्पितळाकडे नेताना तो मेला. प्रत्येक डॉक्टरने, सरकारी असो वा खाजगी, जीव वाचविण्याचे कर्तव्य आधी पार पाडले पाहिजे, कायद्याचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

त्याहून महत्त्वाचा निकाल पश्चिम बंगालमधून आला. ८ जुलै १९९२ रोजी एक शेतमजूर मथुरापूर स्थानकावर गाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला जबर मार बसला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. मग कलकत्त्याची सरकारी इस्पितळे एकामागून एक झाली. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. अखेर खाजगी इस्पितळात भरती झाली आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. हा माणूस पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा सभासद होता. समितीने त्याच्यासह थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. मे १९९६ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला: सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे, पैशाची अडचण सांगून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही, आणि त्या मजुराला २५ हजार रुपये भरपाई द्यावी.

ह्या निकालाचे मर्म ध्यानात घेतले पाहिजे. तो मजूर कोणत्या जातीचा वा धर्माचा, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. नकार देणाऱ्याच्या मनात काय होते, हेही शोधण्याची गरज पडली नाही. उपचार मिळाला की नाही, एवढेच पाहिले गेले. १९५५ चा कायदा नकाराचे कारण विचारत होता. १९९६ चा निकाल नकाराचाच जाब विचारू लागला. काठेवाडच्या बाळंतिणीच्या बाजूने विचार केला तर हा फरक लहान नाही. ४७ वे कलम निवडणुकीच्या हवाली झाले होते. त्यातला एक अंश, निदान जीव जाण्याच्या प्रसंगापुरता, न्यायालयात परत आला.

महाराष्ट्रात हाच प्रश्न दानाच्या अंगाने उभा राहिला. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या इस्पितळांना करात आणि इतर बाबतींत सवलती मिळतात, म्हणजे समाजाचा पैसा मिळतो. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात १९८५ च्या सुमारास '४१ कक' हे कलम घालून अशा इस्पितळांतील १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवण्याची तरतूद झाली. कलम पुस्तकात राहिले. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा कोठे योजना आखली गेली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. इस्पितळाने रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त टाकावी, तातडीच्या रुग्णाला अनामतीवाचून आधी दाखल करून घ्यावे, असे त्यात ठरले. आरंभी निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार आणि दुर्बल घटकासाठी ५० हजार रुपये होती. ती पुढे वाढविण्यात आली. दिल्लीतही सवलतीत जमीन घेतलेल्या खाजगी इस्पितळांनी गरिबांवर मोफत उपचार केलेच पाहिजेत, असा निर्णय २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला.

दानाचे रूपांतर हक्कात झाले, ही ह्या लढ्याची कमाई आहे. जो दाता होता तो देणेकरी झाला. परंतु हक्काबरोबर कागदही आला. निर्धन असल्याचे सिद्ध करायला तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका हवी. पाल ठोकून राहणाऱ्या भटक्याने, ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याने, नाक्यावरच्या मजुराने हा कागद रात्री बारा वाजता कोठून आणावा? कधी काळी वस्तीची सीमा रोग्याला अडवीत होती. आता कागदाची सीमा अडवू शकते. आणि खिडकीवरच्या माणसाने योजनेचे नावच काढले नाही, तर रुग्णाला ती आहे हे कळणार कसे?

ह्याचे उत्तर बंगालच्या निकालातच आहे. तो शेतमजूर एकटा असता तर १७ हजारांचे कर्ज फेडीत राहिला असता. त्याच्यामागे संघटना होती. तिने त्या रात्रीचा प्रत्येक नकार इस्पितळागणिक न्यायालयापुढे मांडला. आपल्या तरुणांनी वस्त्यांतून हेच काम हाती घेतले पाहिजे: दाखले आधीच काढून ठेवणे, रुग्णाबरोबर खिडकीपर्यंत जाणे, नकार लेखी मागणे, न दिल्यास तारीख, वेळ आणि खाते टिपून धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करणे. काठेवाडच्या शिक्षकापाशी पत्र लिहिण्याखेरीज काही नव्हते. आपल्यापाशी कलमे आहेत, निकाल आहेत, योजना आहे. वस्तीतले कोणी आजारी पडून इस्पितळात गेले, तर त्याच्याबरोबर ही कलमे जाणणारा एक माणूस गेला पाहिजे. तेवढे झाले नाही, तर हे निकाल वकिलांच्या कपाटातच राहतील.