दोन्हीकडे परकी

इराणमध्ये १९७९ साली क्रांती झाली, पाठोपाठ इराकशी युद्ध पेटले. अशात तेहरानच्या आईवडिलांनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला एकटीलाच व्हिएन्नाला धाडले. ती मार्जान सत्रापी. तिची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकथा फ्रान्समध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत निघाली. सगळी चित्रे काळ्या-पांढऱ्यात.

व्हिएन्नाच्या वसतिगृहात ती पातेल्यातूनच स्पगेटी खाते, तर नन सगळ्या इराण्यांनाच अडाणी ठरवते. पोरगी उलट बोलते, हाकलली जाते. पुढे एका पार्टीत लाजेपोटी आपण फ्रेंच असल्याचे ठोकून देते! शेवटी ऐन थंडीत रस्त्यावर झोपण्याची पाळी येते. क्रांती आणि युद्धातून वाचलेली मी एका साध्या प्रेमभंगाने मरायला निघाले होते, असे म्हणून ती स्वतःलाच हसते.

चार वर्षांनी डोक्याला रुमाल बांधून ती तेहरानला परतते. तिथे वरवर आधुनिक दिसणाऱ्या मैत्रिणीच तिला चवचाल ठरवतात. म्हणजे तिकडे इराणी म्हणून हलकी, इकडे बाई म्हणून.

२००७ साली यावरच्या सिनेमाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळाले. इराणच्या सरकारी सिनेसंस्थेने त्याआधीच, महोत्सवात निवड झाली म्हणून निषेध नोंदवला होता. हा प्रसंग तिच्या चित्रकथेतलाच वाटावा!