वायूवरचा पहारा

पनवेलकरास हायड्रोजन सल्फाइड या वायूची ओळख करून देण्याचे कारण नाही. ओहोटी लागून खाडीचा काळा चिखल उघडा पडला, म्हणजे कुजक्या अंड्यासारखा जो दर्प येतो, त्यात या वायूचा अंश असतो. हवेच्या दहा लाख भागांत तो एका भागाहून कमी असला तरी नाकास कळतो. परंतु हेच प्रमाण दहा लाखांत शंभराच्या घरात गेले, की काही मिनिटांत वास घेणारे मज्जातंतूच बधिर होतात. माणसास वाटते, वास गेला, संकट टळले. आणि संकट तर त्याच घटकेस उंबरठा ओलांडून आत आलेले असते. नाक हा ऐन वेळी फितूर होणारा पहारेकरी आहे. त्याच्या जागी दुसरा विश्वासू पहारेकरी कोण नेमावा, याचा शोध माणसाने दोनशे वर्षे कसा घेतला आणि त्या शोधाशी आपल्या पनवेल परिसराचा संबंध काय, हे या व्याख्यानात सांगावयाचे आम्ही योजिले आहे.

आपल्या वाडवडिलांस या प्रश्नाची जाण मुळीच नव्हती असे नाही. देशावर धान्य साठविण्याची पेवे असत. मिटलेल्या पेवात धान्यामुळे प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. म्हणून पेव उघडल्यावर काही काळ तसेच राहू द्यावयाचे, मग दोरीने दिवा खाली सोडावयाचा, आणि दिवा विझला तर माणसाने उतरावयाचे नाही, ही रीत. जुन्या विहिरीत उतरतानाही तेच. वायुसूचक यंत्राचा मूळपुरुष शोधावयाचा असेल तर तो हा दोरीला बांधलेला दिवा होय.

पण दिव्याची साक्ष एकाच प्रकारच्या वायूपुरती चालते. कोळशाच्या खाणीत मिथेन असतो. तो हवेत शेकडा पाच ते पंधरा या प्रमाणात मिसळला असता दिवाच स्फोटास कारण होतो. १८१५ साली हम्फ्री डेव्ही याने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवून दाखविली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आतली आग बाहेर पसरत नाही. शिवाय ज्योतीवर जी निळसर टोपी चढते, तिच्या उंचीवरून मिथेनचे प्रमाण अजमावता येते. पुढे कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न आला. त्यास वास नाही, रंग नाही, आणि घातक प्रमाणात असतानाही दिवा सुखाने तेवत राहतो. १८९० नंतरच्या काळात जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने सुचविले की लहान जीव खाणीत न्यावा. कॅनरी पक्ष्याचा श्वास जलद, देह चिमुकला. माणसाच्या कितीतरी आधी तो दांडीवरून खाली पडे. ब्रिटनच्या खाणींतून या पक्ष्यास निवृत्त करण्याचा निर्णय १९८६ साली झाला. भोपाळनंतर दोन वर्षांनी! विज्ञानाच्या इतिहासात जुने आणि नवे किती काळ एका घरात नांदतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस आठवत नाही.

विजेवर चालणारे पहिले उपयुक्त यंत्र तेलाच्या धंद्यातून आले. तेलवाहू जहाजांच्या रिकाम्या टाक्यांत स्फोट होत. १९२६-२७ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील एका तेल कंपनीत काम करणाऱ्या ऑलिव्हर जॉन्सनने तापविलेल्या प्लॅटिनमच्या तारेवर ज्वालाग्राही वायू जाळून, तारेचा विद्युत्‌रोध किती वाढतो त्यावरून वायूचे प्रमाण मोजले. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी इंग्लंडात शेफील्ड येथे अ‍ॅलन बेकरने ही तार एका चिमुकल्या मण्यात बंद केली. आजही ज्वालाग्राही वायूसाठी हा मणी जगभर वापरला जातो. त्याचे दोन अवगुण मात्र पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावे लागतात. एक, तो सतत तापलेला ठेवावा लागतो, म्हणून वीज फार खातो. दुसरा याहून वाईट: सिलिकोनसारख्या पदार्थाची वाफ लागली तर मणी निकामी होतो, आणि निकामी झालेला मणी ‘शून्य’ दाखवितो. मेलेला पहारेकरी आणि ‘सर्व कुशल’ सांगणारा पहारेकरी दुरून सारखेच दिसतात.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. पनवेलला कारखाना नवा नाही. धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधे येथे १८७२ पासून होत आली. परंतु वायूचे भय घेऊन येणारा उद्योग खाडीपलीकडून आला. १९५४-५५ मध्ये तुर्भ्यास तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले. १९६० साली हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि आपल्या आग्नेयेस पाताळगंगेच्या काठी तिची वसाहत उभी राहिली. ‘रसायनी’ हे नावच तिची जात सांगते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ जन्मास आले आणि पुढे तळोजे, पाताळगंगा येथे औद्योगिक क्षेत्रे झाली. १९७४ साली मुंबई हायचा शोध लागला, आणि समुद्रातले तेल व वायू नळांवाटे उरणास येऊ लागले. एका पिढीच्या आत भात, मीठ आणि मासळी यांच्या मुलुखात अमोनिया, क्लोरिन, प्रोपेन, हायड्रोजन सल्फाइड हे पाहुणे कायमचे राहावयास आले. रसायनीच्या कारखान्यात तर डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड हे अग्निबाणाचे द्रव्य तयार होई. पीएसएलव्ही प्रक्षेपकाच्या दुसऱ्या टप्प्यात ते लागते, आणि सांडले तर तांबूस-तपकिरी विषारी वाफ होऊन पसरते. मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचे तोट्यातील विभाग बंद करण्याचे ठरविले, तेव्हाही हा एक विभाग बंद न करता इस्रोकडे सोपविण्याचा निर्णय झाला.

या वायूंवर पहारा ठेवण्याची निकड देशास कळली ती २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री, भोपाळला. त्या रात्रीची एकच बाजू येथे पाहू. मिथिल आयसोसायनेट गळू लागला हे कारखान्यात प्रथम कोणत्याही यंत्राने सांगितले नाही. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले, तेव्हा कळले. चहा झाल्यावर गळती पाहू, असे ठरले. आता आकडे पाहा. कामाच्या जागी या वायूची सुरक्षित मर्यादा दहा लाखांत ०.०२ भाग धरतात. माणसाचे डोळे चुरचुरू लागतात ते सुमारे दोन भागांस, म्हणजे मर्यादेच्या शंभरपटीस! ज्याने शंभरपट उशीर करून हाक मारावी, अशा इंद्रियावर तो कारखाना विसंबला होता. पुढे भोंगा झाला, तोही बाहेरच्या वस्तीसाठी फार वेळ चालू ठेवला नाही.

आपल्या जिल्ह्यासही फार काळ थांबावे लागले नाही. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या वायुसंकुलात इथेन व प्रोपेन गळून स्फोट झाला आणि तिसांहून अधिक माणसे प्राणास मुकली.

मधल्या काळात कायदे झाले. १९८७ साली कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे नवे प्रकरण आले. त्यातील कलम ४१-ब ने कामगारांबरोबरच स्थानिक संस्थेस व आसपासच्या जनतेसही धोक्याची माहिती देण्याचा भार मालकावर टाकला. १९८९ च्या घातक रसायन नियमांनी कुंपणाच्या आतील आपत्तीची योजना मालकाने व बाहेरची जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी करावी, असे ठरविले. नंतरच्या वर्षांत मोठमोठ्या कारखान्यांत सूचक यंत्रे बसली. पण कोठे बसली? जेथे तार पोहोचली तेथे. स्फोटाचे भय असलेल्या जागी तार न्यावयाची म्हणजे चर खणा, लोखंडी नळी टाका, ठिणगी बाहेर पडू न देणारे सांधे बसवा. पुष्कळदा यंत्राहून तारेचाच खर्च अधिक होतो. मग कुंपणाची कड, टाक्यांच्या रांगेचा शेवट, नाल्याचे तोंड, दोन वर्षांसाठी घातलेली तात्पुरती नळवाट, या जागा उघड्या राहत. वायू मात्र जाताना तार कोठवर आली आहे हे पाहून जात नाही.

ही अडचण ज्याने दूर केली ते बिनतारी, बॅटरीवर चालणारे सूचक यंत्र गेल्या पंधरा-वीस वर्षांतले. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात भिंतीपलीकडची घंटा तारेविना वाजवून दाखविली होती. तेव्हा कल्पना जुनीच. पण कारखान्यात तिच्यावर भरवसा ठेवता यावा यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागल्या. विषारी वायूंसाठी विद्युत्‌रासायनिक पेशी निघाली; वायू तिच्यात शिरला की तो स्वतःच सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करतो, तापत्या मण्यासारखी विजेची भूक तिला नाही. दुसरे, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. तिसरे, यंत्रांची एक समान भाषा ठरली. वायरलेसहार्ट नावाचा हा संकेत २००७ मध्ये जाहीर झाला व २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरला. भारताने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त केला होता, त्यामुळे वाटही मोकळी होती. या पद्धतीत प्रत्येक यंत्र स्वतःचा निरोप तर देतेच, शिवाय शेजाऱ्याचाही पुढे पोचविते. एखाद्या टाकीने वाट अडविली तर निरोप दुसऱ्या शेजाऱ्याकडून वळसा घेऊन नियंत्रण-खोलीतील मुख्य पेटीकडे जातो. म्हणून प्रत्येकास निदान तीन शेजारी असावेत, असा नियम आहे. आळीतल्या घरांनी एकमेकांस हाळी द्यावी, तसाच हा प्रकार.

ते बसवावे कसे, याचे शास्त्र फार अवघड नाही, पण स्थळ पाहून करावे लागते. क्लोरिन हवेच्या अडीचपट जड, प्रोपेन दीडपट. त्यांच्यासाठी यंत्र जमिनीपासून हातभर उंचीवर, खड्ड्याच्या व गटाराच्या बाजूस. अमोनिया आणि मिथेन हलके. त्यांच्यासाठी गळतीच्या जागेच्या वर, छपराखाली. माणसाचा जीव वाचवावयाचा तर त्याच्या नाकाच्या उंचीवरही एक असावे. वाऱ्याचे गणित आपल्याकडे दुहेरी आहे: दिवसा समुद्राकडून डोंगराकडे, रात्री डोंगराकडून समुद्राकडे, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा जोर. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीवर बसतो आणि वायूस वर जाऊ देत नाही. एकाच बाजूस यंत्रे लावून निर्धास्त झालेल्याने अर्धाच दिवस राखला असे समजावे. कोकणातला पाऊसही आहेच. यंत्राचे तोंड खाली हवे आणि त्यावर पावसाचे टोपण हवे, नाहीतर गाळणीवर पाण्याचा पडदा धरतो व वायू आत शिरतच नाही. कुंभारमाशी तर चार दिवसांत भोकात घर बांधते. असल्या गोष्टी परदेशी माहितीपत्रकांत नसतात.

बिनतारी यंत्राचा अवगुण लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निरोप जितक्या वेळा पाठवावा तितकी बॅटरी लवकर संपते. दर काही सेकंदांनी बोलणारे यंत्र लवकर थकते. मिनिटामिनिटाने बोलणारे कैक वर्षे चालते, पण ते एक मिनिट आंधळे असते. चांगली यंत्रे धोका दिसताच ठरलेली वेळ सोडून तात्काळ हाक देतात. तरीही पंप बंद करणे, झडप मिटणे असली निर्वाणीची कामे जाणते लोक बहुधा तारेवरच ठेवतात. आम्हांस हे योग्य वाटते. बिनतारी यंत्राने तारेच्या पहाऱ्यास हटवू नये, त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहावे. विद्युत्‌रासायनिक पेशीचे आयुष्यही दोन-तीन वर्षांचे. म्हणून ठरावीक दिवसांनी एक मनुष्य लहानशी नळकांडी घेऊन प्रत्येक यंत्रापाशी जातो, मोजून-मापून भरलेला वायू त्याच्या तोंडाशी सोडतो आणि यंत्र ओरडते की नाही ते पाहतो. वहीत सही होते. ही फेरी चुकली तर उरलेली सारी मांडणी शोभेची राहते.

आणि यंत्र ओरडल्यावर ऐकणार कोण? ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथे स्टायरिनची वाफ सुटून बारा माणसे मेली. चौकशी समितीस आढळले की भोंगा वाजविण्याची सोय छत्तीस ठिकाणी असूनही तो वाजविला गेला नाही. शेजारच्या वस्तीस ते भोपाळप्रमाणेच झोपेत कळले, म्हणजे कळलेच नाही. आपल्याकडे कळंबोली, खारघर, कामोठे येथे आज कारखान्यांच्या हाकेच्या अंतरावर लाखो माणसे राहतात. २०१६ पासून पनवेलला महानगरपालिका आहे. कुंपणाच्या कडेवर तारेविना यंत्र लावता येते, तेव्हा त्या कडेवरचा आकडा कारखान्याच्या खोलीबरोबरच पालिकेच्या अग्निशमन केंद्रातही उमटविणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण राहिलेले नाही. तळोज्याच्या अग्निशमन दलास तो दिसावा की नाही, रात्री दोन वाजता भोंगा कोणी वाजवावयाचा, आणि भोंगा ऐकून लोकांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेस निघावयाचे की दारे-खिडक्या लावून ओल्या फडक्याने फटी बुजवून घरातच बसावयाचे, हे प्रत्येक वायूगणिक वेगळे असते आणि ते आधी सांगून ठेवावे लागते. क्लोरिनच्या वेळी तळमजल्यावरच्या माणसाने वरच्या मजल्यावर जावे. कारण तो जड वायू जिन्याने खाली उतरतो, वर चढावयास त्यास वेळ लागतो.